निळ्या लाळेऱ्यावरचा डाग

३ फेब्रुवारी
बाळंतपणाची सुट्टी संपत आली आणि पुटकुळ्यांनी तोंडावर ठाण मांडलंय! चष्म्याच्या दुकानात परत कुठल्या तोंडाने उभी राहू? गिऱ्हाईक नवा चष्मा चढवणार आणि सगळ्यात आधी स्पष्ट दिसणार काय, तर माझी हनुवटी.
कपाटात लग्नाआधीच्या गोळ्या पडल्यात. तेव्हा चेहरा लख्ख झाला होता. मोह होतोय.

५ फेब्रुवारी
गोळ्यांचं नाव काढताच डॉक्टरीणबाईंनी डोळे वटारले. "बाळ अंगावर पितंय ना? मग या अजिबात नाहीत." मलम मात्र दिलं. छातीला लावायचं नाही, लावलं की हात धुवायचे, बाळाच्या तोंडाला लागू द्यायचं नाही. "आणि कपडे जपा, रंग उडतो."
घरी सासूबाईंचं एकच पालुपद — "औषध ते औषध. दुधात उतरतं. मलम लावायचं तर पाजणं बंद कर."
बंद? पिता पिता पोरगी माझं बोट घट्ट धरून ठेवते, ते सोडू? छे.
नवऱ्याकडे पाहिलं तर म्हणतो, "तुम्ही दोघी बघा बुवा." शूर!

६ फेब्रुवारी
ट्यूब बाथरूममध्ये शाम्पूच्या मागे लपवली. कडी घालून लावते, हात चोळचोळून धुते. चोरीत मजा येतेय, खोटं कशाला बोलू.

१४ फेब्रुवारी
हनुवटी निवळतेय. सासूबाई रोखून बघतात, स्वतःच्या हनुवटीवरचा फोड चाचपतात. पोरगी त्यांच्या खांद्यावर, गालाला नाक घासत झोपलेली.

१६ फेब्रुवारी
पोरीच्या निळ्या लाळेऱ्यावर पांढरा डाग — रंग उडालाय! म्हणजे मलम तिच्या तोंडापर्यंत पोचलं. माझ्याच हातून.
डॉक्टरीणबाईंना फोन. "त्वचा लाल झालीय? नीट पीत नाही?" नाही, खिदळतेय. "मग घाबरू नका. लाळेरं बदला, पुढे जपा."
तरी आजपासून मलम बंद. पुटकुळ्या गेल्या खड्ड्यात.
नवल म्हणजे सासूबाई डाग बघून एवढंच म्हणाल्या, "साबण बदल." एरवी मला सोलून काढलं असतं.

१९ फेब्रुवारी
मी ट्यूबला हातही लावलेला नाही, आणि आज हिरव्या लाळेऱ्यावर डाग! नवऱ्याचा टॉवेल उलटापालटा करून पाहिला. गडी निर्दोष.

२० फेब्रुवारी
उशांचे अभ्रे धुवायला काढले. सासूबाईंचा गर्द जांभळा अभ्रा — आणि त्यावर, जिथे हनुवटी टेकते बरोब्बर तिथे, पांढरा चट्टा!
हसता हसता पलंगावरच बसले. मग राग आला, मग रडूच आलं. इतके दिवस स्वतःलाच दोष देत होते मी.
ट्यूब काढून आरशासमोर उघडी ठेवली, शेजारी साबण. आणि सासूबाईंना ऐकू जाईल अशा बेताने नवऱ्याला दम दिला — "मलम लावलेल्या तोंडाने पोरीला जवळ घ्यायचं नाही हं."
"मी कुठे लावतो?" बिचारा.

२२ फेब्रुवारी
कामाचा पहिला दिवस. चपला घालत होते, तर सासूबाई पोरीला घेऊन दारात. तोंड धुतलेलं, नजर भिंतीकडे.
"येताना ते मलम आण, संपलंय. आणि हिचं पाजणं बंद-बिंद करू नकोस."