छत्रांचं वय

१२ फेब्रुवारी

ती. आईस,
सा. न. वि. वि.

मी सुखरूप पोचले. खोलीच्या खिडकीतून कवायतीचं मैदान दिसतं, आणि पहाटे तिथे असा आरडाओरडा होतो की गजर लावायची गरज नाही. सोबतीला दारूगोळा भांडारातली एक बाई आहे. घोरते, पण शिस्तीत घोरते, एका लयीत. त्यामुळे सवय झाली.

बाबा निघताना विचारत होते की कोर्समध्ये शिकवणार तरी काय. आता सांगता येईल. सैन्याने एखादी वस्तू घ्यायची, मग तोफ असो नाहीतर स्वयंपाकाची चूल, तर घेण्याआधीच तिचं सगळं आयुष्य मांडून बघायचं. सुटे भाग कोण देणार, दुरुस्ती कोण करणार, त्या माणसांना शिकवणार कोण, आणि ती म्हातारी झाली की मोडीत कशी काढणार. आमचे सर निवृत्त अधिकारी आहेत. मिशा पांढऱ्या, आवाज खणखणीत. पहिल्याच दिवशी म्हणाले की हत्ती विकत कुणीही घेईल, त्याला तीस वर्षं चारा कोण घालणार ते सांगा, आणि मेल्यावर उचलणार कोण तेही सांगा.

आता खरी बातमी. प्रत्येकाने एका वस्तूची अशी अख्खी योजना करायची आहे, आणि ती चांगली झाली तर मुख्यालय खरोखर वापरणार आहे. चिठ्ठ्या काढल्या. कुणाला रणगाडा, कुणाला जनरेटर. माझ्या चिठ्ठीत निघालं पॅराशूट! मी वर्गातच हसले. सरांना सांगितलं की माझ्या आईचं उभं आयुष्य पॅराशूट दुरुस्ती विभागात गेलंय. ते म्हणाले, मग ही योजना सगळ्यांत अवघड तुम्हालाच जाणार. चेष्टा करत असावेत.

तर आई, तुझ्या विभागाबद्दल आठवेल ते सगळं लिही. गुडघ्याला शेक घेत जा. नुसतं ‘घेते’ म्हणू नकोस.

माया आहेच, ती पत्रातूनही पाठवत राहा.

तुझी,
ठमी


२० फेब्रुवारी

चि. ठमीस,
अ. उ. आ.

तुझं पत्र तुझ्या बाबांना मोठ्याने वाचून दाखवलं. ते म्हणतात, वस्तू घरात आणण्याआधी तिचं आयुष्य मांडून बघायचा हा कोर्स त्यांना लग्नाआधी मिळायला हवा होता. मी म्हटलं, मला मिळाला असता तर तुम्ही केव्हाच मोडीत गेला असता.

काय काय लिहू गं? ती लांबलचक खोली डोळ्यांपुढे आली की हातातलं काम तसंच राहतं. टेबलं अशी गुळगुळीत की कापड हात न लावता सरकावं. आत शिरताना अंगठ्या, पिना सगळं काढून ठेवायचं. एका टेबलाला वरून काच आणि खाली दिवे. त्यावर पॅराशूटचं कापडी छत्र पसरून सुईच्या टोकाएवढं भोकही शोधायचं. थंडीच्या दिवसांत नायलॉन अंगाला चिकटायचं, केस उभे राहायचे, आणि आपली दोरी मावशी म्हणायची की आपण सगळ्या भूत बघितल्यासारख्या दिसतोय. मी निवृत्त झाले, ती अजून तिथेच आहे. दोऱ्या ओवता ओवता स्वतः तशीच काटकुळी राहिली. मी खाऊन खाऊन गाठोडं झाले.

एकदा एक जवान आला होता. तू तेव्हा लहान होतीस. त्याचं मोठं पॅराशूट उघडलं नव्हतं, छातीवरचं राखीव उघडलं, आणि त्याची घडी मी घातलेली होती. त्याने आईला सोबत आणलं होतं. तो दारात नुसता उभा. त्याची आई मात्र आत आली, माझे दोन्ही हात उलटेसुलटे करून बघितले आणि म्हणाली की हे तर माझ्यासारखेच आहेत. मग दोघीही रडलो, आणि साहेबांनी कापडावर पाणी पडेल म्हणून आम्हाला बाहेर काढलं.

त्या खोलीत मी तरुण होते, ठमे. छान योजना कर. आमच्या विभागाचं भलं कर.

इकडचा जीव तिकडे टांगलेला आहे, हे ध्यानात असू दे.

तुझी,
आई


१८ मार्च

ती. आईस,
सा. न. वि. वि.

हे पत्र चार वेळा फाडलं. दोरी मावशीकडून कळण्यापेक्षा माझ्याकडून कळावं, म्हणून लिहितेय.

जुन्या पॅराशूटचं कापड विणणारी गिरणी बंद होतेय. दुसरीकडून आणलेल्या कापडाचा प्रत्येक तागा वेगळा निघतो. नवीन जातीचं पॅराशूट हलकं आहे, जास्त वजन पेलतं आणि जास्त वर्षं टिकतं. त्याचे शिवणीचे सांधे यंत्राने बसवतात. त्याची दुरुस्ती बनवणाऱ्यांच्याच कारखान्यात होणार, आपल्याकडे ते यंत्र नाही. मी सगळ्या बाजूंनी मांडून पाहिलं. दर वेळी एकच उत्तर येतं, की नवीन घ्यावं. आणि नवीन घेतलं की आई, तुमच्या खोलीला कामच उरत नाही.

मी तसं लिहिलंय. सगळ्यांपुढे मांडायचं अजून बाकी आहे.

तुम्ही पगार झाला की आठ जणींत एक चहाची किटली आणायचात आणि मला बशीत ओतून द्यायचात, ते आठवतंय. तिथल्याच एकीने माझ्या शाळेच्या गणवेशाला हेम घातली होती. काहीही विसरले नाही. म्हणून तर लिहायला हात उचलत नव्हता.

रागाव, पण उत्तर लिही.

तुझी,
ठमी


२५ मार्च

चि. ठमीस,

पत्र मिळालं.

दोरी मावशीला सांगितलं. ती चप्पल घालून निघून गेली. चहा तसाच राहिला. तिच्या धाकटीला यंदा तिथे लावून घेतील अशी तिला आशा होती.

तू शिकलीस ती त्या खोलीच्या जोरावर. आता त्या खोलीलाच कुलूप लावायची अक्कल तुला शिकवली असेल, तर कोर्स फारच उत्तम असला पाहिजे.

माझा गुडघा बरा आहे.

आई

ता. क. – ठमे, हे मी, बाबा. तुझी आई सकाळपासून इस्त्री केलेल्या कपड्यांना पुन्हा इस्त्री करतेय. माझ्या रुमालाला इतक्या धारदार घड्या पडल्यात की नाक पुसायची भीती वाटते. तू घाबरू नकोस. आणि तुला खरं वाटतं तेच लिही.


९ एप्रिल

ती. आईस,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र घेऊन मी सरांकडे गेले. म्हटलं, मला दुसरी वस्तू द्या, रणगाडा द्या, काहीही द्या. त्यांनी पत्र मागितलं नाही. कारण मात्र विचारलं, ते मी सांगितलं. तेव्हा ते म्हणाले की त्यांनीही पूर्वी एक कार्यशाळा अशीच बंद केली होती, आणि तिथले लोक अजून त्यांना रस्त्यात ओळख देत नाहीत. निर्णय बरोबरच होता. पण त्यांनी यंत्रांचं पुढे काय होणार ते लिहिलं आणि माणसांचं लिहायचं राहून गेलं. मला म्हणाले, तुमची योजना चुकलेली नाही, ती अर्धी आहे.

मग मी पुन्हा बसले. नवीन पॅराशूट एका रात्रीत सगळ्यांच्या पाठीवर येणार नाहीत. कितीतरी वर्षं जुनी आणि नवी दोन्ही उडणार, आणि जुन्यांना शेवटच्या दिवसापर्यंत तुमचाच हात लागणार. नव्यांची दुरुस्ती बाहेर गेली तरी तपासणी आणि घडी इथेच घालावी लागणार. ते काम विभागातल्या बायकांना आधीपासून शिकवायचं, नव्या मुली त्यांच्याच हाताखाली घ्यायच्या, आणि शेवटच्या जुन्या छत्राचं वय संपलं की शिवणकामाची खोली बंद करायची. असं सगळं लिहून काल मांडलं. दोन तास झाडाझडती झाली. मंजूर झालं.

पण आई, खोटा दिलासा देत नाही. ती खोली मी वाचवलेली नाही. मला ती वाचवता आली असती. कापडाचे आकडे थोडे इकडचे तिकडे केले असते तर कुणाला कळलंही नसतं. मग त्या कापडाखाली कुणीतरी उडी मारली असती. त्यालाही आई असणारच. तुझे हात बघणाऱ्या त्या पाहुणीसारखी.

तुला हे पटलं नाही तरी चालेल. मला उत्तम आशीर्वादाशिवाय पत्र पाठवू नकोस, एवढंच.

तुझी,
ठमी


३० नोव्हेंबर

चि. ठमीस,
अनेक, अनेक उत्तम आशीर्वाद.

मधली सात वर्षं फोनवरच बोलण्यात गेली, पण हे फोनवर सांगायचं नव्हतं. काल आपल्या खोलीचा शेवटचा दिवस झाला. आम्हा जुन्या बायकांनाही बोलावलं होतं. तुझी नेमणूक इतकी दूर, नाहीतर तुलाही ओढत नेलं असतं.

दोरी मावशी निवृत्त होऊनही भल्या सकाळी येऊन बसली होती. तिची धाकटी आता नव्या विभागात घडी घालते. आईला टेबलाला हात लावू देत नव्हती, हात धुऊन ये म्हणाली! मावशी माझ्या कानात पुटपुटली की ठमीला सांग, पोरगी फार शेफारलीय. सांगताना नुसती फुलली होती.

तुला माहीत असेल, वय संपलेलं छत्र तसंच टाकून देत नाहीत. चुकून कुणी वापरू नये म्हणून ते कापायचं असतं. शेवटचं एक राहिलं होतं. साहेबांनी कात्री माझ्या हातात दिली. मी म्हटलं, थांबा, आधी एकदा वर चढवा. मग आम्ही ते वाळवणीच्या उंच मनोऱ्यात दोरीने ओढून टांगलं, पूर्वी पावसात भिजलेली टांगायचो तसं. खालचं दार उघडलं. वारा आत शिरला आणि ते हळूहळू फुगत गेलं, पार वरपर्यंत. आम्ही म्हाताऱ्या माना वर करून बघत राहिलो.

मग खाली उतरवलं. नोकरीभर ज्या कापडाला नख लागू दिलं नाही, त्याला कात्री लावायची म्हणजे हात चालेना. मावशीने माझ्या हातावर हात ठेवला. पहिला काप अवघड गेला, पुढे कात्री आपोआप धावली.

त्या वेळी मी तुला फार टोचून लिहिलं. तू मात्र तेव्हा खरं लिहिलंस. काल मी कापत होते ते कापड मधूनमधून पिवळं पडलं होतं, बोटाने ओढलं की विरत होतं. दोरी मावशीने पाहिलं, मी पाहिलं, आणि आम्ही दोघींनी एकमेकींकडे पाहिलं.

एक विचारते. आमच्या खोलीतून इतकी छत्रं गेली, आणि त्यांतल्या एकाच्याही चुकीने कुणी जिवानिशी गेलं नाही. काहीच घडलं नाही, म्हणून त्याची कुठे नोंदही नाही. तुझ्या योजनांमध्ये हे कुठल्या रकान्यात लिहितात गं?

तुझे बाबा आणि मी वाट बघतोय. तुझ्या मायेला मात्र कधी वय लावू नकोस.

तुझी,
आई