काचेमागचा पाऊस

५ जानेवारी
संकल्प. बारावीच्या माझ्या भूगोलाच्या वर्गात शिरोळची चंदना आहे. तिला दिसत नाही. दीड वर्षं मी फळ्यावर आलेख काढून ‘इकडे बघा’ म्हणतोय आणि ती मान हलवतेय. आता बस्स. तालुकावार पावसाचा आलेख तिला बोटांनी वाचता येईल असा करणार. पूर्वपरीक्षेत तिने आलेखाचा प्रश्न सोडवलाच पाहिजे. राज्यात असं कुणी केलेलं नसणार. चौकशी केलेली नाही.

८ जानेवारी
पुठ्ठा, फेविकॉल, मसूर. तालुक्याला एक पट्टी, पाऊस जितका तितकी उंच. बायको म्हणाली, झुरळं लागतील. हिला सायन्स काय कळतं?

९ जानेवारी
झुरळांनी रात्रीत आजरा तालुका साफ केला. शी! आता वाळू.

१३ जानेवारी
आवाजाचीही सोय. जास्त पाऊस, वरचा सूर. मोबाईलमध्ये स्वतःच गायलो. गगनबावड्याला आवाज फाटला, वर्ग खिदळला. ओंगळ पिढी. चंदना म्हणाली, बोटांनीच बरं. माझ्या घशाची काळजी असावी.

१४ जानेवारी
चंदनाने वाळूच्या पट्ट्या चाचपल्या. बराच वेळ. मग म्हणाली, “आमचं शिरोळ सगळ्यात बुटकं हाय की, सर. मग पूर आमच्याच घरात कसा येतोय?”
विषयांतर. मी सांगितलं, आधी उंची बघ. आज घरी नेऊ का, परत बघते, म्हणाली. दिला नाही. गडहिंग्लजवर आधीच तेलकट डाग पडलाय.

१७ जानेवारी
डागाचा छडा लागला. शिपाई कृष्णात. मिसळ खाऊन, हात पँटला पुसून आलेख ‘बघून’ गेला. वर म्हणतो, “हात लावायसाठीच हाय न्हवं?” लोकांच्या हातांचा मला पहिल्यापासून तिटकारा. आलेख फ्रेमवाल्याकडे दिला. चांगली जाड काच सांगितली.

२३ जानेवारी
संस्थेचे सचिव अमरसिंह यांच्या हस्ते अनावरण. हार, फोटो. चंदनाला पुढे बोलावलं. तिने काचेवर वरून खाली हात फिरवला, कडेने फिरवला, पुन्हा मधून फिरवला.
“सर, आलेख कुठं हाय?”
आत आहे, म्हणालो. तिने मान हलवली. टाळ्या झाल्या. एकाही माणसाला तिचा प्रश्न ऐकू आला नाही, हे एक बरं झालं.

२४ जानेवारी
काच काढायची ठरवली. पण फ्रेम सचिवांच्या केबिनमध्ये लागलीय. केबिनला कुलूप. सोमवारी बघू.

२७ जानेवारी
काल सुट्टी, केबिन बंदच. आज पूर्वपरीक्षा. आलेखाचा प्रश्न मी मुद्दाम चंदनासाठी काढलेला, तेच तालुके. पेपर सुटल्यावर विचारलं, कसा गेला?
“सोपा होता, सर. तेवढा एक सोडला. रागावू नका.”
रागावलो नाही. स्टाफरूममध्ये येऊन बसलो. स्वतःचीच किळस आली. तेवढ्यात सचिवांचा फोन. फ्रेम झकास दिसते, पाहुणे विचारतात, आणखी चार करा.
करतो म्हणालो.