अनामिका आत वळते तेव्हा

मास्टरजी, त्या दुपारी तुमचं बोट मी बघितलं होतं. तुम्हाला तसं कधी कळू दिलं नाही. मिल बंद होऊन वर्ष होत आलं होतं. बाबा भोंग्याच्या वेळेला उठायचे, चपला घालायचे आणि दारातच परत काढायचे. महूच्या एका शाळेत बँड शिकवायची जागा निघाली तेव्हा तुम्हीच घरी आलात. म्हणालात, "फौजेच्या बँडमध्ये वीस साल क्लॅरिनेट वाजवलंय मी. पोरीला तयार करतो." तेव्हापासून रोज चार तास तुमच्या घरी. क्लॅरिनेटचा सगळा भार उजव्या अंगठ्यावर, आणि पंधरवड्यातच माझा हात मनगटापर्यंत ठणकायला लागला. मी सांगितलं तर तुम्ही म्हणालात, "अगं, दर्द तर होणारच. हात असाच बनतो. चल, फिरसे." काकू स्वयंपाकघराच्या दारात आल्या. "बसू द्या तिला जरा. तुमचंही असंच सुरू झालं होतं." तुम्ही त्यांच्याकडे असं पाहिलंत, की त्या आत गेल्या त्या मी निघेपर्यंत बाहेर आल्या नाहीत.

मग ती दुपार. तुम्ही एक जागा वाजवून दाखवताय. खालच्या सुराकडे येताना तुमची अनामिका आपोआप आत वळते, तळहाताला चिकटते, सूर फाटतो. तुम्ही पुन्हा वाजवता. पुन्हा तेच. हात झटकन कुर्त्याच्या खिशात जातो आणि तुम्ही माझ्यावर ओरडता, "लक्ष कुठे आहे तुझं? ताल सोडलास!" मी तर वाजवतच नव्हते. तरी म्हणाले, "चुकलं, मास्टरजी."

नोकरी लागली. बाबांनी गल्लीत पेढे वाटले. सहाव्या वर्षी शाळेच्या मैदानावर, मुलांसमोर, माझी अनामिका आत वळली. दुखलं अजिबात नाही, आणि त्याचीच जास्त भीती वाटली. बोट माझंच, पण मी सांगितलेलं ऐकत नव्हतं. डॉक्टर म्हणाले, "पहिल्यांदा दुखलं तेव्हाच थांबायला हवं होतं. शिकवणाऱ्यांनी सांगितलं नाही?" मी म्हणाले, "त्यांना यातलं काही माहीत नव्हतं." तेव्हापासून मी तोंडानंच शिकवते. मुलं वाजवतात आणि मी त्यांच्या बोटांकडे बघत बसते. गेल्या महिन्यात माझ्या डाव्या हाताची करंगळीही चहाचा कप धरताना आत ओढली गेली. घरी अजून कुणाला बोलले नाही.

काकूही आता नाहीत, त्यामुळे हे पत्र कुठल्या पत्त्यावर टाकायचं नाहीच. तुमच्या शेवटच्या आजारात त्यांनी निरोप पाठवला होता, "ये, त्यांना तुला काहीतरी सांगायचंय." शाळेत परीक्षा आहेत, असं मी कळवलं. परीक्षा नव्हत्या. रविवार होता, मी घरीच होते. तुम्ही माफी मागाल आणि मला "जाऊ द्या" म्हणावं लागेल, म्हणून मी आले नाही.