पोटातला रेडिओ

३ मार्च १९७४, रविवार
संकल्प : आजपासून मिरची बंद, भजी बंद, चहा दोनच कप. जळजळ संपलीच समजा.
वर्ष झालं, पद्मा मला बिनमिरचीचं वरण वाढते, तरी पोट जळतंच. म्हणजे दोष तिच्या हातात. तसं तिला स्पष्ट सांगितलं. बायको असली म्हणून काय झालं?

५ मार्च
हिंगोलीच्या दवाखान्यात शहरातले डॉक्टर येणार. त्यांच्याकडे रेडिओची गोळी आहे. गिळायची, मग ती पोटातल्या आम्लाची खबर बाहेरच्या यंत्राला देते. ताबडतोब नाव दिलं. पद्माला म्हटलं, आता तुझ्या स्वयंपाकाचा निकाल सायन्सच लावेल. ती म्हणाली, लावू द्या की.

७ मार्च, गुरुवार
ऑफिसच्या कामाने कनेरगाव नाक्याला. उत्तमसिंगच्या ढाब्यावर मिरचीची भजी, एक प्लेट. दुसरी आग्रहाची, ती धरत नाही. संकल्प घरच्या जेवणापुरता होता, हे लिहायचं राहून गेलं.

९ मार्च, सकाळी ११
गोळी गिळली. कमरेला तारेचा पट्टा. पद्मा शेजारी बसलेली. दवाखान्यातला म्हातारा शिपाई जळबा कानाशी येऊन म्हणाला, "साहेब, ही गोळी आतलं समदं सांगते. कुठं खाल्लं, कवा खाल्लं, बराबर सांगते."
तेवढ्यात यंत्र खरखरायला लागलं. त्याने बोंब मारण्याआधी आपणच बोललेलं बरं, तेवढीच इभ्रत राहते. डॉक्टरांना सगळं सांगून टाकलं. भजी, उत्तमसिंग, दर गुरुवार, वर्षभर.
डॉक्टर म्हणाले, याला फक्त आम्ल कळतं, भजी कळत नाहीत.

दुपारी ४
घरी आलो. दारात पद्मा म्हणाली, "वर्ष झालं, तुमच्या पोटापायी मीबी बिनमिरचीचं खाऊन राहिले. मला काय तिखट आवडत न्हाई व्हय?"
तिच्या ताटात काय असतं, हे मी कधी पाहिलंच नव्हतं. फार लाज वाटली. उद्या सकाळी उठल्या उठल्या माफी मागायची. पक्का संकल्प.

१० मार्च
माफी राहिली. सकाळी ऑफिसची फाइल शोधत होतो. (रविवार होता.)
दुपारी पद्माने खलबत्ता काढून ठेचा कुटला. शेजारच्या भागूबाईंना जेवायला बोलावलं. भाकरी, ठेचा, वर कच्चं तेल. दोघी नाक पुसत, हसत जेवल्या. मला वरण.
वरण छान झालंय, म्हणालो. वर्षात पहिल्यांदा.
दोघींपैकी कुणीच ऐकलं नाही.