बोलताना मान हललीच नाही

शुक्रवार, संध्याकाळ

आज बारावीच्या वर्गासमोर मी माझ्या टुरेट सिंड्रोमबद्दल बोलले. मान झटकते, घशातून आवाज निघतो, ते मी मुद्दाम करत नाही, एवढंच सांगायचं होतं. माझ्या मैत्रिणीने, सायलीनेच हे वर्गावर्गांत बोलणं ठरवलं आणि मला उभं केलं. आणि नेमकी तेव्हा मान एकदाही हलली नाही! भीतीने दाबून धरली होती का मी?

शेवटी मागून प्रथमेश ओरडला, "खंय आसा गो तुझो आजार? माका तर कायच दिसणा नाय." सगळे हसले. मान झटकली की नक्कल करतात, नाही झटकली की मी खोटारडी. मग करू तरी काय?

गावी मिठबावला परतताना रिक्षात सगळं एकदम सुटलं. मान, खांदा, आवाज, काही थांबेचना. शेजारी प्रथमेशची आठवीतली बहीण होती. ती हसली नाही. उतरताना हळूच म्हणाली, "माझे डोळे पण असेच आपोआप मिटतत. घराकडे कोणाक सांगूक नाय. दादाक सांगू नको हां."

मी हो म्हटलं. आता त्याला सांगता येत नाही, आणि गप्पही बसवत नाही.

सोमवारी आठवीच्या वर्गात बोलायचं आहे. सायलीला नाही म्हणून कळवणार होते. पण ती मुलगी समोर बसलेली असेल.