दांडीवरचं तेल

दादा, परवा दुपारी मी अंगणात गाडीखाली पाठीवर पडलो होतो आणि तुमची आठवण आली. चांगली आठवण म्हणता येणार नाही, पण आली. लातुरात गॅरेजं काय कमी आहेत? तरी माझी आपोआप गिअर बदलणारी जुनी गाडी मी या वेळी कुणाच्या हाती दिली नाही. मागच्या वेळी एका मिस्त्रीने गिअरचं तेल आणि फिल्टर बदलल्याचं सांगितलं होतं. जुना फिल्टर दाखवा म्हटलं तर म्हणाला, फेकला. फेकला म्हणजे बदललाच नाही, हे मी तिथंच ठरवून टाकलं. कपडे वाळत घालता घालता तुमची सून म्हणाली, "अवो, सगळ्या लातुरात एक बी माणूस खरा न्हाई का?" कुणाच्या मुलाशी लग्न केलंय हे तिला एवढ्या वर्षांत कळायला हवं होतं.

तुमचं नांदेडचं गॅरेज मला अजून तसंच दिसतं. तेलाचा डबा सीलबंद असला तरी तुम्ही तो स्वतः फोडायचात, तेल दोन बोटांत चोळायचात, वास घ्यायचात आणि तरीही तोंड वाकडं करायचात. पान्यांच्या पेटीची किल्ली करगोट्याला असायची, आंघोळीलाही सुटायची नाही. चहावाल्याने कप पुढं केला की आधी आत डोकावून बघणार. आमच्या दादांना कुणी फसवू शकत नाही, असं मी कॉलेजात मोठ्या तोऱ्यात सांगत असे.

तर परवा मी गिअरच्या तेलाचं चेंबर खोललं. तेल निघालं ते चांगलं लालसर. फिल्टर हातात घेतला, उन्हात धरला. नवाच होता. तो मिस्त्री खरं बोलला होता. यावर मला काय वाटलं असेल? दुसऱ्या कुणाच्या गाडीतला काढून बसवला असेल, असं वाटलं. स्वतःचंच हसू आलं, पण संशय काही गेला नाही. मी आणलेला फिल्टर बसवला, पॅकिंग नवं घातलं, बोल्ट आवळले आणि तेल मोजायच्या दांडीवरच्या खुणेपर्यंत नवं तेल भरलं. मग इंजिन सुरू केलं, गिअरचा दांडा सगळ्या खुणांवरून फिरवून जागेवर आणला, आणि दांडी पुन्हा पुसून बघितली. तेल दोन बोटं खाली!

आधी खाली वाकून बघितलं, गळती कुठंच नव्हती. मग नव्या फिल्टरवर संशय, मग शेजाऱ्याच्या पोरीने फाटकातून आत डोकावलं होतं तिच्यावर. ती चौथीत आहे, दादा. इंजिन बंद करून मी पायरीवर बसलो, चहा घेतला, आणि परत दांडी काढली तर तेल पुन्हा खुणेला. सुरू केलं की खाली, बंद करून थांबलं की वर. तेव्हा डोक्यात उजेड पडला. इंजिन बंद असलं की तेल निथळून चेंबरात बसतं. सुरू झालं की तेच तेल वर चढून आत फिरायला लागतं, म्हणून दांडीवर कमी दिसतं. या गाड्यांचं तेल मोजायचं ते इंजिन चालू ठेवूनच. आणि दोन बोटं कमी तेल मी आयुष्यात एकदा आधी बघितलं होतं.

तुमच्याकडे तसली एकच गाडी आली होती, एका डॉक्टरांची, परदेशी. तेल हैदराबादहून मागवलेलं, नांदेडात मिळत नव्हतं. ते तुम्ही स्वतः भरता, खुणेला आणता, जेवायला घरी जाता. गॅरेजात मी आणि आपले मिस्त्री काका, बारा वर्षं तुमच्या हाताखाली राबलेले. तुम्ही परत येता तेव्हा त्यांनी गाडी सुरू करून ठेवलेली असते. तुम्ही दांडी काढता आणि तुमचा चेहरा बदलतो.

"नळी घालून तेल वढलास का रं?"

"न्हाई मालक. मी निस्ती चालू करून ठिवली."

"मग दांडी काय खोटं बोलून राहिली का?"

काका हात पुसत उभे राहिले. हातातला कपडा घडी करून बाकावर ठेवला, आणि त्याच संध्याकाळी चाकूरला आपल्या गावी निघून गेले. नांदेडला जाताना प्रत्येक वेळी चाकूर लागतं. इतक्या वर्षांत मी तिथं पाणी प्यायलाही थांबलो नाही.

काल थांबलो. काका म्हातारे झालेत, दृष्टी अधू झाली आहे. मला आवाजावरून ओळखलं. मी सगळं सांगितलं, दांडीचं, तेल वर चढण्याचं. म्हटलं, काका, आमच्या दादांची चूक झाली. त्यांनी मान हलवली. म्हणाले, "मालकाला गाडीचं ठाऊक नव्हतं, ते कळून राहिलं मला. पर माझं तर ठाऊक व्हतं की." पुढं म्हणाले, "तुमी आलात, लई बरं वाटलं." चहा पाजला. मी कपात न डोकावता प्यायलो.

हे कागद मी पाकिटात घालणार नाही, घालून तरी कुठं पाठवणार? पण एक गोष्ट काकांना सांगायची राहिली, ती तुम्हाला सांगतो. त्या दुपारी तुम्ही माझ्याकडे वळून विचारलंत, "तू बघितलास का याला नळी घालताना?" आणि मी मान डोलावून म्हणालो, "हाव." मी काहीच बघितलं नव्हतं, दादा. मी मागं हौदावर तोंड धूत होतो. तुमची नजर काकांवरून हटली की माझ्यावर येईल, एवढंच मला दिसत होतं. काल चाकूरला मी सगळी चूक तुमच्या नावावर करून आलो.