गुळाच्या कण्या

आई, आज इथं शिकवणाऱ्या बाईनं माझ्यासाठी ज्वारीच्या कण्या शिजवल्या. इथली माणसं ज्वारी खात नाहीत. ती पाळलेल्या पाखरांच्या दाण्याच्या दुकानात मिळते. तिथून आणून, खलबत्त्यात भरडून शिजवल्या. वाटी माझ्यापुढं आहे, वर बशी झाकलेली. बशी मी अजून उचलली नाही, पण वास आला आहे. आत गूळ आहे.

हे हॉलंडमधलं एक जुनं घर आहे. अन्नानं माणूस कसा बरा होतो हे शिकायला आम्ही थोडी मंडळी इथंच राहतो. कोंडा न काढलेला तांदूळ, समुद्रातली पानं, आंबवलेल्या सोयाबीनचं खारट कालवण. साखर, गूळ, चहा, मिरची सगळं बंद. घास तोंडात पाणी होईस्तोवर चावायचा आणि तोवर बोलायचं नाही. पहिल्या दिवशी मला हसू आलं, कारण तू आम्हाला हेच सांगून रागवायचीस. शिकवणारी बाई तुझ्या ओळखीची आहे. दुष्काळात बोअर मारायला परदेशी मंडळी आली होती, त्यातली ती उंच, उन्हानं लाल झालेली. आपल्या चुलीपाशी मांडी घालून मिलोची, रेशनवरच्या त्या परदेशी तांबड्या ज्वारीची, भाकरी खायची. सोलापूरच्या डॉक्टरांनी माझ्या पोटातली गाठ काढली आणि पुढचं पुढं बघू म्हणाले, हे मी तिला पत्रातून कळवलं. तिनं मला इथं बोलावून घेतलं. येताना तिच्यासाठी मी गुळाची एक लहान भेली आणली होती. तिनं ती हसून घेतली आणि फडताळात ठेवून दिली.

तुझ्याकडं गावोगावची, पार सास्तूरपासूनची माणसं यायची. तू दोन बोटांनी हनुवटी धरून तोंड उजेडाकडं वळवायचीस, डोळ्यांखालची कातडी ओढून बघायचीस, जीभ बघायचीस. मग कुणाला हुलग्याचं पातळ माडगं, कुणाला ताकातल्या बिनमिठाच्या कण्या. याला मिरची बंद, त्याला गोड बंद. लोक कुरकुर करत पाळायचे, कारण तुझ्या बोलण्यात जोवर बंदी होती तोवर आशा होती. ज्याच्या तोंडाकडं बघून तू काहीच बोलायची नाहीस, त्याच्या घरी दुसऱ्या दिवशी तुझी वाटी जायची. गूळ घालून तपकिरी झालेल्या कण्या. आता काय लागंल ते खाऊ दे, एवढाच त्याचा अर्थ. तू तो कधी उघड सांगितला नाहीस आणि गावानं कधी विचारला नाही. पण तुझी वाटी आली की घरची बाई झाकण उचलायच्या आधी वास घ्यायची.

सोसायटीचे चेअरमन तेवढे त्याची थट्टा करायचे. सोसायटीच्या रेशन दुकानासमोर मिलोसाठी रांग लागलेली असायची, आणि तू दिसलीस की ते आतूनच म्हणायचे, "वहिनी, गूळ नका घालू बरं का. अजून मीटिंग घ्यायचीय मला." रांगेतल्या बायका पदर तोंडाला लावून हसायच्या. मग त्यांच्या पोटात दुखायला लागलं. महिनाभर तू त्यांना माडग्यावर ठेवलंस. एके दिवशी त्यांचं तोंड उजेडाकडं वळवलंस आणि काही न बोलता घरी आलीस. दुसऱ्या दिवशी दुपारी आपण तिघी त्यांच्याकडं गेलो. तू, मी आणि ही बाई. ते बाजेवर बसून होते. वाटीवरचं झाकण त्यांनी स्वतःच उचललं.

"वहिनी, ह्यात कण्या कुठं हायत? समदा गूळच हाय की."

"गरम हाय तवर खावा, भावजी," तू म्हणालीस आणि त्यांच्याकडं पाठ करून त्यांच्या रांजणावरचा तांब्या घासायला घेतलास. घासायची काहीच गरज नव्हती. त्यांनी बोटानं वाटी पुसून खाल्ली. लई ग्वाड झालंय म्हणाले. बाईनं मला विचारलं, हे काय आहे? शाळेत इंग्रजी शिकवणारी मी, म्हणून दुभाषी मीच. त्यांच्यादेखत मी काय सांगणार होते? म्हटलं, आमच्याकडं पाहुण्याला हे करतात. चेअरमन त्याच आठवड्यात गेले.

पुढच्या साली जोंधळा चांगला आला होता. तू चुलीपाशी बसली होतीस आणि सहज म्हणालीस, "पोरी, माझ्या वाटीत गूळ घाल." गूळ संपलाय म्हटलं, तर म्हणालीस, उतरंडीत बघ. खालच्या गाडग्यात होता. तूच ठेवला होतास. मी थोडा घातला. "आणिक घाल," म्हणालीस. मी घालत राहिले, तू आणिक म्हणत राहिलीस, गाडगं रिकामं होईस्तोवर. मग तू सावकाश, एकेक घास पाणी होईस्तोवर चावून खाल्लंस.

काल सकाळी खिडकीबाहेर धुकं होतं. बाईनं मला खिडकीशी बोलावलं. रोज ती आमच्यातल्या एकाचं तोंड बघते आणि काय खायचं, काय टाळायचं ते सांगते. तिनं दोन बोटांनी माझी हनुवटी धरली. बोटं गार होती आणि पकड तुझी होती. तोंड उजेडाकडं वळवलं, डोळ्यांखालची कातडी ओढली. मी वाट बघत राहिले. ती काहीच बोलली नाही. आज दुपारी सगळ्यांपुढं भात आला आणि माझ्यापुढं ही वाटी. तुझी आई पाहुण्यांना करायची ते आठवलं, म्हणून तुला केलं, एवढं सांगून ती वळली आणि एक स्वच्छ पातेलं घासायला लागली.

तेव्हापासून मी इथं वरच्या खोलीत वाटी घेऊन बसले आहे आणि तुला लिहिते आहे. खाली जाऊन तिला विचारता येईल. मी सांगितलेलं तिला खरं वाटलं, की त्या दुपारनंतर तिनं गावात आणखी कुणाला विचारलं? एवढं लिहून बशी उचलली. वाफ गेलेली होती. मी सगळ्या कण्या खाल्ल्या, वाटी बोटानं पुसली. गूळ कमी होता, आई. तू घालायचीस त्यापेक्षा कमी. एवढ्या एका गोष्टीवर मी धीर धरला आहे. आणि खाली वाटी धुवायला गेले तेव्हा स्वयंपाकघरात कुणी नव्हतं, तरी भेली किती उरली आहे ते बघायला फडताळ काही मी उघडलं नाही.